बीचक्रॉफ्टच्या दारावरचं नाव

प्रिय ग्लेनिस,

पाकिटावर 'नगरसेविका ग्लेनिस टॅटरसॉल' असं लिहायला घेतलं आणि पेन तिथंच अडलं. शाळेच्या जेवणघरात कोबीच्या वाफेतून जिला हाका मारल्या, तिला एवढं लांबलचक काही म्हणायला मला या जन्मी जमायचं नाही. तेव्हा नुसतं नाव लिहिलंय. पोस्टात टाकणार नाही. चार गल्ल्यांसाठी तिकीट कशाला? उद्या पाव आणायला जाताना तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवीन. बेल वाजवणार नाही. तूही खिडकीतून बघितलंस तर दार उघडू नकोस. समोरासमोर हे बोलायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला आपल्यातली एक रडेल, नाहीतर दुसरीच्या अंगावर ओरडेल, आणि सांगायचं ते राहूनच जाईल.

मी बरी आहे. म्हणजे उठते, आंघोळ करते, चहा पिते. क्लिफ गेला, तरी त्याचे कपडे अजून कपाटातच आहेत. चर्चच्या दुकानातल्या बायका दोनदा विचारून गेल्या, पण मी देते देते म्हणत टोलवलं. कालव्याकाठच्या त्याच्या मळ्याच्या तुकड्यात गुडघाभर गवत माजलंय. परवा गेले होते तर शेजारच्या तुकड्यातला हॅरी नटॉल फावडं टेकून उभा होता. मला बघून त्यानं टोपी काढली, म्हणाला, "बेरिल, बटाटे मी काढून ठेवलेत. सडून जात होते. घेऊन जा." हा तोच हॅरी, ज्यानं एप्रिलमध्ये मतं मागायला गेलेल्या क्लिफच्या तोंडावर दार लावलं होतं. तो किस्सा तुला कोणी सांगितला की नाही कोण जाणे. हॅरी म्हणाला, "परत माझ्या पायरीवर आलास तर कुत्रा सोडीन." क्लिफ म्हणाला, "तुझा कुत्रा मागच्या वर्षी मेला, हॅरी. खड्डा मीच खणला होता." त्यावर हॅरी म्हणाला, "मग मीच चावेन." आणि दार आपटलं. मी फाटकात उभी होते. क्लिफ हसत हसत परत आला, पण पुढच्या कोपऱ्यावर भिंतीला हात टेकून थांबला. मला वाटलं दम लागला. दमच लागला होता, पण का ते मला तेव्हा कळलं नाही.

बटाटे मी आणले. खाल्ले नाहीत अजून.

ग्लेनिस, तुझी आई गेली तेव्हापासून आपण धड बोललेलो नाही. तुला आई गमावल्याचं दुःख आहे हे मला कळतं, पण मलाही ते आहे हे तू विसरलीस असं मला सारखं वाटत राहिलं. माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर संध्याकाळी शेगडीजवळ बसायला मला जागा कोणी दिली? तुझ्या आईनं, माझ्या आन्टी एल्सीनं. माझा लग्नाचा झगा तिनं तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिवला, आणि तो होईपर्यंत तुम्ही सगळे मांडीवर ताटल्या घेऊन जेवलात. तुझा बाप कुरकुरला तेव्हा त्याला म्हणाली, "तू काय, बशीतलं चाटूनही खाशील. पोरीचं लग्न एकदाच होतं." बीचक्रॉफ्टच्या वृद्धाश्रमात राहायला गेली तेव्हाही तिची जीभ तशीच होती. खिडकीसमोरच बसथांबा होता ना, तर गावात कोण कोणाबरोबर उभं राहतं, कोण एकटंच परत येतं, याची बित्तंबातमी तिच्या खुर्चीत बसून मिळायची. दर मंगळवारी मी जायची. ती म्हणायची, "बेरिल, टीव्ही नको लावूस, बाहेर जास्त चांगलं चाललंय."

बीचक्रॉफ्ट बंद करायचं ठरलं त्या दिवसाबद्दल तुला जे माहीत आहे ते खरं आहे. नगरपालिकेच्या सभेत क्लिफनं हात वर केला. वृद्धांचं खातं त्याच्याकडेच होतं, प्रस्तावावर सही त्याचीच होती. त्यात मी काही लपवाछपवी करणार नाही. फक्त त्याच्या आदल्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात काय झालं ते तुला माहीत नाही, तेवढं सांगते. त्याच्या पक्षाचा गटनेता क्रॉस्लंड आला होता. कोट न काढता बसला आणि म्हणाला, "क्लिफ, लंडनहून येणारा पैसा आटलाय. ब्रॅकेनशॉच्या नगरपालिकेला चार वृद्धाश्रम चालवणं झेपत नाही. पक्षादेश आहे. हात वर झाला नाही तर मेमध्ये तिकीट नाही, एवढं सरळ आहे." क्लिफ म्हणाला, "तिकीट घाल चुलीत. तिथं माणसं राहतात." क्रॉस्लंड म्हणाला, "तू नाही केलंस तर मी हे खातं दुसऱ्याला देईन, आणि तो त्या म्हाताऱ्यांना महिन्याभरात हलवील. तू असलास तर निदान नीट हलवशील." त्या एका वाक्यानं क्लिफ फसला. त्याला खरंच वाटलं, आपण असलो तर नीट होईल. सगळ्यांना एकमेकांजवळ ठेवू, ओळखीच्या नर्स बरोबर पाठवू, गावातच जागा बघू. तो तसं मला झोपताना समजावत होता, पण मला वाटतं तो स्वतःलाच समजावत होता.

पुढे काय झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालं. नोव्हेंबरात त्यांना हलवलं. गावातल्या जागा भरल्या होत्या. तुझ्या आईला दोन बस बदलून जावं लागणाऱ्या गावी पाठवलं. तिचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरलं होतं हे मला तूच सांगितलंस, रस्त्यात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ते क्लिफला मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं काटा खाली ठेवला आणि फोन करायला लागला. तासभर फोन करत होता. मला पलीकडून काय उत्तर येत होतं ते ऐकू येत नव्हतं, पण तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पिशव्या? पेट्या का नाही दिल्या? मी सांगितलं होतं ना?" शेवटी कोणीतरी फोन ठेवून दिला.

मीही तिला तिथं जाऊन भेटले होते, तुला माहीत नसेल. खिडकीबाहेर गाड्या उभ्या करायची जागा होती, आणि त्यापलीकडे भिंत. मी तिच्यासाठी आल्याचा केक नेला होता. तिनं तो हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. मला ओळखलं तिनं. म्हणाली, "बेरिल, मला घरी घेऊन चल गं. मी काही त्रास नाही देणार." मी काय बोलले ते मला आठवतही नाही. ख्रिसमसच्या आधीच ती गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. तू म्हणालीस तिनं खाणंच सोडलं होतं. दोन्ही खरं असेल.

अंत्ययात्रेच्या दिवशी चॅपलच्या दारात तू क्लिफच्या छातीला हात लावून त्याला थांबवलंस. "तू आत यायचं नाहीस." एवढंच बोललीस. मागे सगळा गाव उभा होता. मी आत आले, पण मला वाटतं मी आत आलेली तुला दिसलेच नाही. बाहेर बर्फाचा पाऊस पडत होता आणि क्लिफ प्रार्थना संपेपर्यंत तिथंच उभा राहिला. गाडीत बसू शकला असता. मी त्याला नंतर ओरडले, "मूर्खा, या वयात असं भिजतात?" तर म्हणाला, "तिचं बरोबर होतं, बेरिल."

नंतर एप्रिलमध्ये टाऊन हॉलच्या फलकावर उमेदवारांची नावं लागली. मिलगेट वॉर्ड. ऑर्मरॉड, क्लिफर्ड. त्याच्याखाली टॅटरसॉल, ग्लेनिस, अपक्ष. मी घरी येऊन त्याला सांगितलं. वाटलं चिडेल. तो चहा ढवळत राहिला आणि म्हणाला, "मी तिच्या जागी असतो तर मीही उभा राहिलो असतो." मी मात्र चिडले, ग्लेनिस. जन्मभराची मैत्रीण माझ्या नवऱ्याच्या विरोधात उभी राहते आणि मला गावातल्या फलकावरून कळतं! आणि मग तुझं पत्रक आलं. आमच्या दाराच्या फटीतूनही आलं, इतर सगळ्यांच्या घरी आलं तसंच. त्यावर आन्टी एल्सीचा फोटो, बीचक्रॉफ्टच्या त्या खिडकीत बसलेली, अंगावर निळा कार्डिगन. वर मोठ्या अक्षरांत, 'हिला घराबाहेर कोणी काढलं?' आणि खाली त्याचं नाव. त्याचं एकट्याचं. क्रॉस्लंडचं नाही, लंडनचं नाही, हात वर करणाऱ्या बाकीच्या तीस जणांचं नाही. तो फोटो मी काढला होता, तुला आठवतं का? तिच्या वाढदिवसाला. मीच तुला पाठवला होता.

क्लिफनं ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. उत्तर देऊ नका असं त्यानं पक्षातल्या पोरांना बजावलं. क्रॉस्लंड खवळला. म्हणाला, "ती तुझ्या अंगावर चिखल फेकतेय आणि तू पाठ पुढे करतोयस!" क्लिफ म्हणाला, "चिखल कुठला? त्यात एक शब्द खोटा दाखव." आणि रोज सकाळी निघाला दारोदार फिरायला. मी बरोबर असायची. लोक काय काय बोलले ते लिहीत नाही. अल्मा स्ट्रीटवरची एक बाई, जिच्या नवऱ्याचं पेन्शन क्लिफनं वर्षभर भांडून मिळवून दिलं होतं, ती त्याच्या बुटावर थुंकली. त्यानं रुमालानं बूट पुसला आणि म्हणाला, "तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" मला त्या रात्री कळलं की त्याच्या औषधांच्या डब्यात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या आहेत. डॉक्टरनं फेब्रुवारीतच त्याला सगळं सोडायला सांगितलं होतं. मी रडले, हातापाया पडले, म्हटलं माघार घे. तर म्हणाला माघारीची मुदत कधीच गेली. "आणि गेली नसती तरी नसती घेतली. तोंड लपवून पळाला म्हणतील. मला हरू दे, बेरिल. नीट, सगळ्यांच्या समोर हरू दे. तिला तेवढं मिळालं पाहिजे."

मला तेव्हा ते वाक्य कळलं नाही. हरायलाच कोणी एवढे जिने चढतं का?

मतदानाच्या दिवशी सकाळी मेथडिस्टांच्या हॉलच्या फाटकात तू उभी होतीस, दुसऱ्या बाजूला पक्षाचा एक पोरगा लाल फूल लावून. आम्ही गाडीतून उतरलो. क्लिफनं टोपी उचलली. तू त्याच्याकडे बघितलंस, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तुझा आवाज मला ओळखीचा वाटला. तू म्हणालीस, "क्लिफ, तुझा रंग उतरलाय. घरी जाऊन पड." तो म्हणाला, "पेट्या बंद झाल्या की पडतो." तू म्हणालीस, "नेहमीचाच हट्टी." तो म्हणाला, "तुझ्याच आईच्या हातचं खाऊन वाढलो." तू तोंड फिरवलंस. ते तुमचं शेवटचं बोलणं. तुला ते आठवतंय की नाही मला माहीत नाही. मला मात्र ते शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर कितीतरी दिवस मी त्या शब्दांवर काढले.

मतं टाकून आम्ही गाडीत बसलो. तो किल्ली हातात घेऊन बसून राहिला. तिथं तो मला एक गोष्ट बोलला, ती शेवटी सांगते. ती ऐकून मी त्याच्यावर अशी काही भडकले की त्यानंतर आम्ही बोललोच नाही. तो उतरून पायीच अल्मा स्ट्रीटला गेला, मी गाडी घेऊन पलीकडच्या रांगेत पत्रकं टाकायला गेले. दोन तासांनी त्याला घ्यायला आले तर लोक जमले होते. तो त्या थुंकणाऱ्या बाईच्याच पायऱ्यांवर पडला होता. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सारखं म्हणत होती, "मी काही नाही केलं, मी फक्त दार उघडलं." ॲम्ब्युलन्स आली. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत तो होता. हॉस्पिटलच्या दारात नव्हता.

उमेदवार मेला की मतदान रद्द. हा नियम मला माहीत नव्हता, तुलाही नसावा. दुपारीच कळवलं गेलं, हॉलची दारं लावली, रांगेतल्या लोकांना घरी पाठवलं. पेट्यांना लाख लावून त्या तशाच टाऊन हॉलच्या तळघरात नेल्या. आतल्या चिठ्ठ्या कोणी मोजायच्या नाहीत, मुदत संपली की जाळून टाकायच्या. पबमध्ये कोणीतरी म्हणालं, "बघा, मतमोजणी चुकवायला मेला पण." ते मला हॅरीनं सांगितलं. ज्यानं म्हटलं त्याला हॅरी चावला नाही, पण ठोसा मारला म्हणे. एवढ्या वयात.

तिसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर मटण-बटाट्याचं भांडं होतं, कापडानं झाकलेलं. चिठ्ठी नव्हती. पण पांढरं, कडेला निळी रेघ असलेलं ते भांडं मी ओळखणार नाही होय? त्यात आन्टी एल्सी मला वाढायची. मी ते उचललं, मागच्या दारी नेलं आणि सगळं कचऱ्यात ओतलं. मग भांडं घासलं, पुसलं, आणि तुझ्या पायरीवर ठेवून आले. तू आतून बघत होतीस. पडदा हलला. त्या क्षणी मला एकच वाटत होतं, हिच्या पत्रकानं त्याला मारलं. आजही काही काही सकाळी तसंच वाटतं. खोटं कशाला बोलू? आणि तुला आजही वाटत असणार की त्याच्या हातानं तुझ्या आईला मारलं. हे दोन्ही आपल्यात आहे, आणि राहील. मी ते मिटवायला बसलेली नाही.

क्रॉस्लंड अंत्ययात्रेच्या दुसऱ्याच दिवशी आला, या वेळी कोट काढून. फुलं होती हातात. म्हणाला, "बेरिल, जागा क्लिफची आहे. तुम्ही उभ्या राहा. प्रचारालाही बाहेर पडू नका, आम्ही बघतो. गावात आज अशी हवा आहे की टॅटरसॉलबाईंना शंभर मतं पडणार नाहीत." मी म्हटलं, "कसली हवा?" तर म्हणाला, "अहो, लोकांना माहीत आहे ना त्याला कोणी मारलं ते." मी त्याची फुलं त्याच्या हातात परत दिली. मग त्यांनी तो गावाच्या दुसऱ्या टोकाचा वकील उभा केला, आणि पत्रकावर क्लिफचा काळ्या चौकटीतला फोटो छापला. मी नको म्हटलं होतं, तरी छापला. तुझ्या भिंतीवर रंगानं कोणी काय लिहिलं ते मी बघितलं. सकाळी तू बादली घेऊन ते घासत होतीस, एकटीच. मी रस्त्याच्या पलीकडून गेले. थांबले नाही.

जूनमधल्या मतदानाला मी गेले होते. पडद्यामागे कितीतरी वेळ उभी राहिले. त्या वकिलाचं नाव, तुझं नाव, दोरीला बांधलेली ती पेन्सिल. शेवटी कोरीच चिठ्ठी घडी घालून पेटीत टाकली. कोणावरही फुली मारायला हात उचलला नाही. तू जिंकलीस. लोक म्हणाले थोडक्यात. मला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. मी घरी येऊन इस्त्री केली, त्याचे शर्ट केले.

आता गाडीतली गोष्ट. किल्ली हातात धरून तो म्हणाला, "बेरिल, मी ग्लेनिसला मत दिलं." मला वाटलं थट्टा करतोय. म्हटलं, "काय?" तर म्हणाला, "तिच्या नावापुढे फुली मारली. सभागृहात हात वर केला तेव्हा सगळे बघत होते, क्रॉस्लंड बघत होता. आज पडद्याआड कोणी नव्हतं." मी काय बोलले असेन तूच कल्पना कर. त्याला म्हटलं, महिनाभर मी तुझ्यासाठी पाय झिजवते, लोकांच्या शिव्या खाते, मैत्रीण गमावली, आणि तू तिलाच मत देतोस? मग उभा कशाला राहिलास? तो म्हणाला, "दुसरा कोणी उभा केला असता तर तो तिच्याशी घाण लढला असता. मला माहीत आहे ते कसे लढतात." मी म्हटलं, "उतर गाडीतून." आणि तो उतरला. मी त्याला शेवटचं बोललेलं तेवढंच.

ती चिठ्ठी बाकी सगळ्या चिठ्ठ्यांबरोबर जळाली असेल. कोणाला कधी कळणार नाही. आणि हे मी तुला सांगितलं म्हणून तू ते सभेत, वर्तमानपत्रात, कुठंही सांगायचं नाहीस. तुझ्या बाजूनं नाही, त्याच्या बाजूनंही नाही. एवढा तरी शब्द तू मला दिलास असं मी धरून चालते.

हे सगळं आज लिहायचं कारण असं. गेल्या आठवड्यात क्रॉस्लंड पुन्हा आला. बीचक्रॉफ्ट पाडून तिथं बांधकाम चाललंय ते तू बघतेच आहेस, काचेच्या गॅलऱ्या आणि मधोमध कारंजं होणार आहे. विकायचे फ्लॅट, मिलगेटमधल्या कोणाला परवडायचे नाहीत. त्यानं टेबलावर चित्र पसरलं आणि मोठ्या दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं. 'क्लिफर्ड ऑर्मरॉड कोर्ट'. म्हणाला, "आमच्याकडून त्याला मान. फीत तुम्ही कापायची, मिसेस ऑर्मरॉड." मी चहाचे कप उचलले आणि मोरीत नेऊन ठेवले. तो ते होकारच समजला. बुधवारच्या सभेत तो 'कुटुंबाच्या संमतीनं' असं म्हणून हा ठराव मांडणार आहे. टाऊन हॉलमध्ये फोन केला तर तिथली पोरगी म्हणाली, नागरिकांना प्रश्न विचारायची मुदत संपली, आता फक्त नगरसेवकच बोलू शकतात. त्या सभागृहात माझ्या ओळखीची, त्याच्या पक्षाची नसलेली एकच व्यक्ती आहे, आणि ती तू आहेस. कुटुंबाची संमती नाही. कुटुंब म्हणजे मी, आणि मी नाही म्हणते आहे. हा कागद त्यासाठी दाखवायचा असला तर फक्त हे शेवटचं पान दाखव, आधीचं फाडून टाक. ज्या दारातून तुझ्या आईला बाहेर काढलं, त्या जागेवर माझ्या नवऱ्याचं नाव लागता कामा नये. त्याला ते सोसवलं नसतं, आणि मला रोज पाव आणायला त्याच पाटीखालून जावं लागेल. तू उभी राहा आणि विरोधात बोल. ते सगळे तुला ओरडतील, म्हणतील बघा, मेलेल्या माणसालाही सोडत नाही ही बाई. मला माहीत आहे मी तुझ्याकडे काय मागते आहे. मी वर प्रेक्षकांच्या बाकांवर बसलेली असेन. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल.

तुझीच, तुला हवी असले किंवा नसले तरी,
बेरिल